एका जीपगाडीचे दुखणे

दाढ किडते आणि कान ठणकतो, हा अनुभव पुष्कळांस असेल. रोगाचे मूळ एका ठिकाणी असावे आणि वेदना भलत्याच ठिकाणी उमटावी, ही गोष्ट वैद्यांना नवी नाही. परंतु मोटारगाडीसही असे दुखणे होते, हे आमच्या बालवाचकांस कदाचित ठाऊक नसेल. जुन्या गाड्यांची पुढची चाके काही विशिष्ट वेगाला डावीउजवीकडे लपलपू लागतात, आणि तो सगळा थरकाप चालकाच्या हातांतील चक्रात येऊन पोचतो. हातांत थरथरते ते चक्र. तेव्हा बिघाड त्या चक्रात, अगर त्याच्या खालच्या स्टेअरिंगच्या पेटीतच असला पाहिजे, असे सामान्य मनुष्य समजतो, आणि येथूनच त्याच्या खर्चास प्रारंभ होतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अशा एका दुखण्याचे निदान आम्हांस जवळ उभे राहून पाहावयास मिळाले. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातील दोनतीन प्रकरणे त्या दिवशी जणू अंगणात येऊन उभी राहिली, म्हणून ती हकीकत येथे सविस्तर देण्याचे योजिले आहे.

गाडी आमच्या शाळेत शिकणाऱ्या एका मुलीच्या आजोबांची. मांजरसुंब्याजवळ बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात त्यांचे गाव आहे. कपिलधारेस मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनास गेलेल्या वाचकांना तो मुलूख परिचयाचा असेल. गाडी म्हणजे उंच बॉनेटची, पुढच्या व मागच्या आसांमध्ये ८० इंचांचे अंतर असलेली जुनी जीप. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून पुढे, विलीज व फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून अमेरिकन सैन्यासाठी सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. त्यांचाच हा वंश. स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबईत या गाड्यांची जुळणी सुरू झाली आणि खेड्यापाड्यांत ‘जीप’ हा शब्द ‘साहेबाची गाडी’ या अर्थाने रूढ झाला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडावयास बसलेल्या ज्या पिढीने दुष्काळी कामांवर येणारी साहेबांची जीप पाहिली, त्या पिढीतलेच हे आजोबा. पुढे एका सरकारी लिलावात त्यांनी ही गाडी विकत घेतली. कागदांप्रमाणे तिचा जन्म १९६८ सालचा. म्हणजे ती पन्नाशी ओलांडून बरीच पुढे गेली आहे.

दुखणे असे होते. गावाच्या कच्च्या रस्त्यावर गाडी अगदी शहाण्यासारखी चाले. परंतु मांजरसुंब्याला येऊन ती धुळे-सोलापूरच्या राष्ट्रीय महामार्गास लागली, वेग ताशी ५५ किलोमीटरांच्या घरात गेला, आणि एखादा लहानसा खड्डा अगर पुलाचा सांधा चाकाखाली आला, की पुढची दोन्ही चाके झपाटल्यासारखी हलू लागत. चक्र हातांतून हिसकले जाई, बॉनेट उडू लागे, आणि वेग अगदी कमी केल्यावाचून ते थांबत नसे. हा रस्ता चौपदरी होण्यापूर्वी तेथे एवढ्या वेगाने जाण्याचा प्रसंगच क्वचित येई, म्हणून दुखणे झाकून राहिले होते. चांगल्या रस्त्याने जुन्या गाडीचे उणे उघडे पाडावे, हे आम्हांस मोठे मौजेचे वाटले. आजोबांस मात्र त्यात मौज वाटण्याचे कारण नव्हते. त्यांनी आधी एका गॅरेजात गाडी नेली होती. तेथे स्टेअरिंगची अख्खी पेटी बदलण्यात आली, बरेच पैसे गेले, आणि गाडी पूर्वीइतकीच नाचत परत आली.

“सर,” ते आम्हांस म्हणाले, “पोरीची आई म्हणती, एकतर गाडी नीट करा, न्हाईतर भंगारात घाला. लेकरांना तिच्यात बसू द्यायची न्हाई.”

त्या माउलीचे म्हणणे सर्वथैव योग्य होते. दर सोमवारी नात व तिची धाकटी बहीण याच गाडीतून शाळेस येत. शिवाय गाडीच्या फेरनोंदणीची मुदत जवळ आली होती, आणि तपासणीत असे स्टेअरिंग पसार होणे शक्य नव्हते. कोणी त्यांस सुचविले होते, की पन्नास वर्षांवरील गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवावी. २०२१ साली केंद्र सरकारने तसा नियम केला आहे खरा. पण त्या नियमाने नोंदविलेली गाडी प्रदर्शनास, मोटारींच्या शर्यतफेरीस अगर दुरुस्तीस तेवढी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरास नाही. आजोबांना शोभेची गाडी नको होती. त्यांना सोमवारी नाती शाळेत पोचवावयाच्या होत्या.

येथे थोडे मागे वळून पाहणे अवश्य आहे, कारण हे दुखणे एकट्या त्या जीपचे नव्हे. मोटारींच्या आरंभकाळी टायर अरुंद व कडक असत, तेव्हा याचा फारसा उपद्रव नव्हता. १९२३ च्या सुमारास अमेरिकेत कमी दाबाचे फुगीर टायर निघाले. त्याच दशकात पुढच्या चाकांनाही ब्रेक बसू लागले आणि पुढचा आस जड झाला. बसणाऱ्यांस सुख झाले, पण चाके नाचू लागली. खांदे थरथरविण्याचे ‘शिमी’ नावाचे एक नृत्य त्या वेळी तिकडे लोकप्रिय होते. त्यावरून चाकांच्या या चाळ्यासही ‘शिमी’ हेच नाव पडले. फ्रान्समध्ये ब्रुलिए नामक अभियंत्याने १९२५ साली या विषयाचे शास्त्रीय विवेचन केले. रोल्स-रॉइसमधून कॅडिलॅक कंपनीकडे गेलेल्या मॉरिस ओली या इंग्रज अभियंत्याने तर रोगाच्या मुळावरच घाव घातला : दोन्ही पुढच्या चाकांना जोडणारा अखंड आसच काढून टाकावा आणि प्रत्येक चाकास स्वतंत्र स्प्रिंग द्यावी, असा त्याचा आग्रह होता. १९३४ च्या अमेरिकन गाड्यांत ही रचना अवतरली. जीपने मात्र अखंड आस सोडला नाही. दगडधोंड्यांत तोच बळकट व दुरुस्तीस सोपा. सबब जुना रोगही तिच्या वाट्यास राहिला.

आता चाक नाचते कसे? आमच्यापैकी बहुतेकांनी लहानपणी सायकलची जुनी रिम काठीने पळविली असेल. धावती रिम डावीकडे कलली, तर ती एकदम पडत नाही, डावीकडे वळते. वेगाने फिरणाऱ्या चाकाचा हा स्वभावच आहे, आणि भोवराही याच नियमाने डुलतो. जीपचे उजवे चाक उंचवट्यावर चढले, की अखंड आसामुळे दोन्ही चाके किंचित डावीकडे कलतात, आणि फिरती असल्यामुळे त्याच बाजूस वळू पाहतात. मग रबर त्यांस मागे ओढते, आस उलट बाजूस कलतो, चाके उलट वळतात. नागपंचमीच्या झोक्यास नेमक्या क्षणी हलकासा धक्का मिळत गेला, म्हणजे झोका आपोआप चढतो. तसा एका विशिष्ट वेगाला हा हेलकावा चढत जातो. सांधे घट्ट असले, तर घर्षण त्या हेलकाव्याचा जोर खाऊन टाकते. सांध्यांत सैलपणा असला, ज्यास कारागीर ‘प्ले’ म्हणतात, तर चाकास कोणी अडविण्यापूर्वीच ते हवे तेवढे हलून घेते. एकच एक सांधा फार सैल असावा लागतो असे नाही. पाच ठिकाणचा केसकेसभर प्ले मिळूनही हेच घडते. म्हणून एखादा मोठा भाग बदलून हा रोग जातोच असे नाही.

आजोबांनी बीडहून ज्या मिस्त्रींना बोलाविले, ते सत्तरी गाठलेले, मितभाषी गृहस्थ होते. आल्याबरोबर ते गाडीखाली शिरतील अशी आमची अपेक्षा. पण ते बाजेवर बसले, चहा घेतला, आणि प्रश्न विचारू लागले. किती वेगाला हलते? आपोआप हलते, की खड्डा लागल्यावर? वेग आणखी वाढविला तर थांबते काय? ब्रेक दाबल्यावर काय होते? आणि शेवटी एक प्रश्न असा विचारला, की तो त्या वेळी कोणासही महत्त्वाचा वाटला नसता : “अण्णा, खाली असताना जास्त हलती का भरलेली असताना?”

“खालीच नाचती,” आजोबा म्हणाले. “पोती भरली की गप ऱ्हाती.”

मिस्त्रींनी मान हलविली आणि त्यावर काहीच भाष्य केले नाही. प्रथम त्यांनी चारही टायरांची हवा मोजून सारखी केली. नंतर पुढची बाजू जॅकवर उचलून आसाखाली लाकडी ठोकळे दिले. (नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये, हे विद्यार्थ्यांनी पक्के ध्यानी ठेवावे.) चाक हाताने फिरवून खडूचा तुकडा रिमजवळ स्थिर धरला, रिम वाकडी असती, तर खडूची खूण एकाच बाजूस उमटली असती. ती सर्वत्र सारखी उमटली. मग चाक सोडून दिले. ते थोडे डुलून थांबले. पुन्हा फिरविले, पुन्हा तीच जागा खाली येऊन थांबले. याचा अर्थ ती बाजू जड होती. मिस्त्रींनी रिमच्या आत बोटे घातली आणि मूठभर वाळलेली काळी माती खरवडून काढली. पावसाळ्यात शेतातून येताना आपली ही काळी माती रिमच्या पोटात बसते, वाळते, आणि दगडासारखी होते. हिशेब करून पाहावा : या टायरांचा व्यास सुमारे २८ इंच, म्हणजे एका फेऱ्यात चाक सव्वादोन मीटरांच्या आसपास जाते, ताशी ५५ किलोमीटरांना सेकंदास सुमारे सात फेरे झाले. मुठीएवढे ढेकूळ चाकास सेकंदाला सात वेळा हिसका देत होते. माती काढून गाडी महामार्गावर नेली, तो चक्रातील बारीक थरथर गेली होती. परंतु पुलाच्या सांध्यावर मोठा नाच पूर्ववत सुरू झाला. मिस्त्रींची पद्धत अशी, की एका वेळी एकच फेरफार करावयाचा आणि लगेच गाडी पळवून पाहावयाची. दोन गोष्टी एकदम केल्या, तर गुण कशाने आला हे कळत नाही. प्रयोगशाळेत आम्ही मुलांना हेच सांगतो. मिस्त्रींनी ते कोणत्याही प्रयोगशाळेत न जाता साधले होते.

गाडी जमिनीवर ठेवून त्यांनी नातीस चक्रावर बसविले आणि ते थोडे डावीउजवीकडे, फार नव्हे, हलवीत राहावयास सांगितले. स्वतः खाली निजून एकेका सांध्यावर हात ठेवीत गेले. डोळ्यांपेक्षा हातास प्ले लवकर कळतो, असे त्यांचे म्हणणे. स्टेअरिंगच्या पेटीचे बोल्ट, ड्रॅग लिंक, टाय रॉडची टोके, स्प्रिंगचे यू-बोल्ट व शॅकलचे बुश, अशी पाहणी झाली. तेथे सांगण्यासारखे काही निघाले नाही. नंतर चाक पुन्हा उचलून ते वरखाली धरून हलविले, तो डाव्या चाकास ‘टक्’ असा आवाज आला. हा सैलपणा चाकाच्या बेअरिंगचा, की चाक ज्याभोवती वळते त्या किंगपिनचा? त्यांनी आजोबांस ब्रेक दाबून धरावयास सांगितले आणि पुन्हा चाक हलविले. टक् आवाज तसाच आला. ब्रेक दाबल्यावर ड्रम व त्यामागची थाळी एकजीव होतात, बेअरिंगचा प्ले लपतो. उरतो तो किंगपिनचा. इतकी साधी, इतकी निर्णायक आणि पैशाचाही खर्च नसलेली परीक्षा आम्ही फार थोड्या पाहिल्या आहेत.

जीपच्या किंगपिनला वर व खाली निमुळती रोलर बेअरिंगे असतात आणि त्यांच्या झाकणाखाली पत्र्याच्या पातळ चकत्या, ज्यांस शिम म्हणतात, त्या असतात. बेअरिंगे झिजली, की झाकण उघडून एखादी चकती काढावी लागते, म्हणजे सांधा पुन्हा आवळतो. तो किती आवळला हे पाहण्यासाठी वळविण्याच्या दांडीस ताणकाटा अडकवून ओढतात. तो आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेतून नेला होता; एवढाच काय तो आमचा हातभार. किंगपिन थोडी जडच फिरली पाहिजे, कारण तो जडपणाच हेलकाव्याचा जोर खातो. डावीकडील बेअरिंगे बदलून शिम बसविण्यात तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी गाडी पळविली. पुलाच्या सांध्यावर चाके हलली. पाचसहा हिसके बसले आणि आपोआप थांबली.

आजोबा प्रसन्न झाले. “झालं की!” म्हणाले. गावातल्या एका तरुणाने सुचविले, की आता पुढे एक डँपर बसविला म्हणजे उरलेलेही जाईल. मिस्त्रींनी नकार दिला. डँपर वाईट नव्हे. परंतु आजाऱ्याच्या कपाळावर थंड पाण्याची पट्टी ठेवल्याने ताप उतरल्यासारखा दिसतो, तसा प्रकार. “अजून एक गाठ सुटली न्हाई,” ते म्हणाले आणि पहिल्या दिवशीच्या त्या प्रश्नाकडे परत आले : भरलेली गाडी गप का राहते?

त्यांनी मागे सोयाबीनची चार पोती ठेवविली व गाडी त्याच पुलावरून नेली. चाके मुळीच हलली नाहीत. पोती उतरविली, हिसके परत आले. मग ते गाडीच्या मागे जाऊन कमानीचे पाटे मोजू लागले आणि दोन पाटे नंतर वाढविलेले आहेत, असे त्यांनी ओळखले. आजोबांनी सांगितले, की २०१६ च्या उन्हाळ्यात, विहिरी आटल्या तेव्हा, ते याच गाडीतून वस्तीवर पाण्याचे ड्रम नेत; स्प्रिंग बसू लागली म्हणून दोन पाटे घालून घेतले. त्या वर्षी शेजारच्या लातुरास आगगाडीने पाणी न्यावे लागले होते, हे वाचकांस आठवतच असेल.

आता मागच्या पाट्यांचा पुढच्या चाकांशी संबंध काय? सायकलच्या पुढच्या दांड्याकडे पाहावे. तो उभा नसतो, मागे कललेला असतो. त्याची रेषा खाली वाढविली, तर ती चाक जेथे जमिनीस टेकते त्याच्या पुढे पडते. चाक त्या रेषेमागे ओढले जाते, म्हणून ते सरळ राहू पाहते, आणि हात सोडूनही सायकल चालते. जीपची किंगपिनही अशीच मागे कललेली असते. या कलास ‘कॅस्टर’ म्हणतात, आणि जुन्या विलीज जीपसाठी तो ३ अंश ठरविलेला होता. तीन अंशांनी चाकाचा टेकू रेषेच्या पाऊण इंच मागे राहतो. कल फार वाढला, तरीही चाके उसळून नाचतात, तेव्हा जितका अधिक तितका बरा असे नाही. पण तो फार घटला, तर चाकास घर सापडत नाही. आता गाडीची मागची बाजू दोन इंच उंच झाली असे धरा. आसांमधील अंतर ८० इंच. दोन भागिले ऐंशी, हे ज्या कोनाचे स्पर्शज्या-गुणोत्तर, तो कोन जवळजवळ दीड अंशाचा. सारी गाडी तेवढी पुढे झुकली. म्हणजे कॅस्टरमधून तेवढा कल वजा झाला. मूळचा अर्धा भाग नाहीसा! पोती भरली, की मागची बाजू खाली बसे आणि कल परत येई.

ओझ्याने गाडीचा हेलकावाही बदलतो, म्हणून केवळ पोत्यांच्या पुराव्यावर विसंबणे आम्हांस पुरेसे वाटेना. नातीच्या कंपासपेटीतील कोनमापक, दोरा आणि एक नट यांचा ओळंबा करून मिस्त्रींनी खळ्याच्या सपाट जागेवर गाडी उभी केली व किंगपिनच्या झाकणाच्या सपाट बाजूवर कोन पाहिला. शालेय कोनमापकाने अर्ध्या अंशापेक्षा बारीक मोजता येत नाही; पण तीन अंश नव्हते, दीडच्या जवळपास होते, एवढे निश्चित. गणिताने जे सांगितले, तेच दोऱ्याने सांगितले.

उपाय दोन होते. पुढच्या आसावर स्प्रिंगखाली निमुळती पाचर देऊन कल भरून काढावा, अथवा मागचे वाढीव पाटे काढावेत. पाचरेने पुढच्या आसाकडे जाणाऱ्या शाफ्टाच्या सांध्याचा कोन बदलतो, म्हणून मिस्त्रींचा कौल पाटे काढण्याकडे होता. परंतु पाटे काढले, की ओझे वाहण्याची शक्ती गेली. हा निर्णय कारागिराचा नव्हता, मालकाचा होता. आजोबा बराच वेळ गप्प बसले. पाण्याचे ते ड्रम त्यांच्या डोळ्यांसमोर असावेत. नंतर त्यांनी नातीकडे पाहिले आणि “काढा,” एवढेच म्हणाले.

पाटे काढल्यावर मोजले, तो मागची बाजू इंचपट्टीने बरोबर दोन इंच खाली आली होती. गाडी रिकामीच महामार्गावर नेली. चक्रावर आजोबा, शेजारी मिस्त्री, आणि मागे आम्ही. ५५ किलोमीटरांना पुलाचा तोच सांधा आला. एक धक्का बसला आणि चाके पुढे सरळ निघून गेली. परतताना आजोबांनी तो सांधा मुद्दाम आणखी दोनदा ओलांडला. घरी आल्यावर मुलीची आई दारात उभी होती. तिने काही विचारले नाही; नातीस मागे बसवून आणखी एक फेरी मारून आणा, असे मात्र सांगितले, आणि स्वतःही गाडीत येऊन बसली.

ऊसतोडीस निघणाऱ्या टोळ्यांची गावात लगबग चालली होती. लोहाराने ते दोन पाटे मागितले. कमानीच्या पोलादाचे कोयते चांगले होतात, आणि त्या दिवसांत कोयत्यांस गिऱ्हाईक भरपूर. आजोबांनी दिले नाहीत. पाट्यांस ग्रीस चोळून, पोत्यात गुंडाळून, त्यांनी ते गोठ्याच्या आढ्याशी बांधून ठेवले. पुन्हा विहिरी आटल्या तर लागतील, म्हणाले. मिस्त्री हात पुसत होते. “मग घाला अण्णा,” ते म्हणाले, “पण तवा तिशीच्या वर पळवू नका, अन् लेकरं बसवू नका.”